दोन नंबरचं मत

दिल्ली मेट्रोच्या पिंक लाइनवर धौला कुआँपाशी गाडी आली की डब्यातली उद्घोषणा एक मराठी आडनाव घेते: ‘दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस’. नाव मराठी असलं तरी बाई आंध्रच्या, जन्म राजमुंद्रीचा. देशमुख हे आडनाव त्यांना १९५३ साली लग्नानंतर लागलं. यजमानांचं नाव दिल्लीत दुसरीकडे भेटतं. लोदी गार्डनच्या कुशीत इंडिया इंटरनॅशनल सेंटर आहे, तिथल्या सभागृहाला ‘सी. डी. देशमुख ऑडिटोरियम’ म्हणतात. ही संस्था १९६२ साली उभी राहिली आणि तिचे पहिले अध्यक्ष चिंतामणराव होते.

महाडजवळच्या नाते गावात १८९६ साली जन्मलेला हा माणूस एकदा राष्ट्रपती भवनाच्या दारापर्यंत जाऊन आला, हे मला फार उशिरा कळलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मेघदूताचा मराठी अनुवाद करणारे, मुंबईसाठी नेहरूंच्या तोंडावर राजीनामा ठेवणारे अर्थमंत्री, इथवर सगळं पाठ होतं. पण १९६९ साली ते राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि तिसरे आले, हे पाठ्यपुस्तकात कुठे होतं? त्याहून नवल पुढेच आहे. त्या निवडणुकीत पहिला कोण आणि दुसरा कोण, हे शेवटी तिसऱ्या क्रमांकावरच्या या माणसाच्या मतपत्रिकांवरून ठरायचं होतं. त्या पत्रिकांवर देशमुखांच्या नावापुढे ‘१’ लिहिलेला होता. सगळं अडलं होतं ते ‘२’ कुणापुढे लिहिलाय यावर.

त्या ‘२’ मागे एक जुना, जगभर चालणारा वाद उभा आहे. आपल्या विचाराचा माणूस निवडून येणार नाही हे दिसतंय. जो पुढे आहे तो अगदीच परका नाही, पण आपलाही नाही. मवाळ आहे, मधला आहे. त्याच्यामागे जायचं, की तत्त्व धरून बसायचं? अमेरिकेत २००८ साली रिपब्लिकन पक्षातल्या कट्टर मंडळींनी यावर डोकेफोड केली. उमेदवारीच्या शर्यतीत जॉन मॅकेन पुढे होते, ते या मंडळींना पचत नव्हते, आणि त्यांची स्वतःची मतं मिट रॉम्नी आणि माइक हकाबी यांच्यात वाटली गेली होती. ७ फेब्रुवारीला वॉशिंग्टनमधल्या परंपरावाद्यांच्या वार्षिक मेळाव्यात रॉम्नींनी माघार जाहीर केली. त्याच दिवशी त्याच मेळाव्यात मॅकेन बोलायला उभे राहिले आणि स्थलांतराचा विषय निघताच सभागृहातून नापसंतीचे आवाज आले. या कट्टर मंडळींची अडचण साधी होती. मतपत्रिकेवर खूण एकच करता येते. मनात ‘हा हवा, पण नाहीच जमलं तर तो चालेल’ असं असलं, तरी कागद ते लिहून घेत नाही.

आपल्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीतला कागद लिहून घेतो.

राज्यघटनेच्या ५५व्या अनुच्छेदात ‘एकल संक्रमणीय मत’ असं भारदस्त नाव असलेली ही पद्धत आहे. त्याच वाक्यात ‘प्रमाणशीर प्रतिनिधित्व’ असेही शब्द आहेत. जागा एकच असताना ती प्रमाणशीर कशी वाटायची, असा प्रश्न पडून मला दर वेळी हसू येतं. पण यंत्रणा मात्र फार देखणी आहे. खासदार किंवा आमदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतिक्रम लिहितो. आकडे नेहमीचे चालतात, रोमन चालतात आणि कुठल्याही भारतीय भाषेतलेही चालतात, म्हणजे विधान भवनात देवनागरी ‘१’ लिहिणारा आमदार अगदी नियमात असतो. अक्षरांत ‘एक’ लिहिलं तर मात्र मत बाद. जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त लागतो. पहिल्या मोजणीत तेवढं कुणालाच मिळालं नाही, तर सगळ्यात तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या पत्रिका उघडून ‘२’ कुणापुढे आहे ते पाहतात. ती पत्रिका आता त्या माणसाच्या गठ्ठ्यात जाते. मग पुढचा तळाचा बाद, असं चालू राहतं. माझं मत मरत नाही, ते माझ्या दुसऱ्या घरी राहायला जातं.

प्रत्येक मताचं वजनही वेगळं असतं. राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, त्याला पुन्हा हजाराने भागायचं, हे झालं एका आमदाराच्या मताचं मूल्य. १९६९ साली हिशोबाला १९६१ची जनगणना होती. महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १४६चं भरायचं, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं १७४चं. सगळ्या राज्यांची बेरीज खासदारांत वाटली की एका खासदाराचं मत ५७६. आज महाराष्ट्राचा आकडा १७५ आहे आणि तो १९७१च्या लोकसंख्येवर गोठलेला आहे, पण तो वेगळा विषय.

आता १९६९कडे येऊ. ३ मे रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं पदावर असतानाच निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैमध्ये बंगळुरूला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक बसली आणि पक्षातल्या जुन्या धुरीणांनी, म्हणजे ज्यांना वर्तमानपत्रं ‘सिंडिकेट’ म्हणत त्या निजलिंगप्पा, कामराज, स. का. पाटील वगैरेंनी, लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांचं नाव पुढे रेटलं. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. मंडळातले दोन्ही वजनदार मराठी सदस्य, यशवंतराव चव्हाण आणि स. का. पाटील, रेड्डींच्या बाजूने गेले. इंदिराबाई हरल्या. हरल्यावर त्यांनी रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून सहीही केली.

आणि मग आठवडाभरात सगळं उलटंपालटं झालं. १६ जुलैला मोरारजी देसाईंचं अर्थखातं काढून घेतलं गेलं. १९ला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही हंगामी राष्ट्रपती गिरींची. दुसऱ्या दिवशी गिरींनी राजीनामा दिला, कारण ते स्वतः अपक्ष म्हणून निवडणुकीत उतरत होते. उपराष्ट्रपतीही नाही, राष्ट्रपतीही नाही, तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. त्यासाठीचा कायदा संसदेने मे महिन्यातच करून ठेवला होता, हे नशीबच.

काँग्रेसच्या घरात ही आग लागलेली असताना उजवीकडचे दोन पक्ष काठावर उभे होते. भारतीय जनसंघाचे अध्यक्ष तेव्हा अटलबिहारी वाजपेयी होते, पक्षाचे लोकसभेत ३५ खासदार. राजाजींच्या स्वतंत्र पक्षाचे ४४. राष्ट्रपती स्वतःच्या बळावर निवडून आणण्याची ताकद दोघांत मिळूनही नव्हती. पण तराजूच्या दोन्ही पारड्यांत जवळपास सारखं वजन असलं की चिमूटभर मीठही भारी पडतं. गिरी कामगार चळवळीतले, त्यांच्यामागे कम्युनिस्ट उभे राहिलेले; ते या पक्षांना चालणं शक्यच नव्हतं. रेड्डी काँग्रेसचे. ज्या काँग्रेसला विरोध करायला हे दोन पक्ष जन्मले, तिच्या उमेदवाराला मत द्यायचं? पण नाही दिलं, तर गिरी येणार, आणि गिरींमागून इंदिरा गांधी आणखी बळकट होणार.

या पेचातून निघालेली वाट म्हणजे चिंतामणराव देशमुख. पहिली पसंती देशमुखांना, दुसरी रेड्डींना. तत्त्वही राखलं, व्यवहारही साधला. कागद दोन आकडे लिहून घेतो म्हणूनच हे जमलं. अमेरिकेतल्या त्या मेळाव्यात नापसंती दाखवणाऱ्यांच्या हातात हा दुसरा आकडा असता तर?

उमेदवाराची निवड तर मला आजही थक्क करते. बँका सरकारने घेतल्या म्हणून स्वतंत्र पक्ष खवळलेला. त्या पक्षाचे रुस्तम कूपर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७० च्या फेब्रुवारीत जिंकलेही. आणि राष्ट्रपती म्हणून त्या पक्षाने उभा केला कोण? इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली १९५५ साली, तेव्हा अर्थमंत्री देशमुख होते. १९ जानेवारी १९५६च्या रात्री आकाशवाणीवरून आयुर्विमा कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्याचं देशाला सांगणारा आवाज देशमुखांचाच होता. साडेतेरा वर्षांनी जुलैत तीच तारीख आली आणि बँका गेल्या. एका अर्थाने इंदिराबाईंनी देशमुखांचीच वाट पुढे चालवली होती. उजव्या पक्षांनी आपला म्हणून जो निवडला, तोच मुळात मधला माणूस होता. त्यांना शोभणारी त्याची गोष्ट म्हणजे सरळपणा, विद्वत्ता, आणि दिल्लीच्या सत्तेला नाही म्हणून बाहेर पडल्याचा इतिहास. मराठी माणसाला तो इतिहास संयुक्त महाराष्ट्राचा वाटतो. उजव्या पक्षांना तो काँग्रेसविरोधाचा वाटला असणार.

१६ ऑगस्टला मतदान झालं आणि २० तारखेला दिल्लीत मोजणी. रिंगणात पंधरा उमेदवार होते. तेव्हा अर्ज भरायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरत असे. (या गर्दीमुळेच १९७४ साली दहा-दहा सूचक-अनुमोदक आणि अडीच हजारांची अनामत आली, आता ते पन्नास-पन्नास आणि पंधरा हजार आहे.) पहिल्या मोजणीचे आकडे असे: गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. वैध मतं ८,३६,३३७, म्हणजे जिंकायला हवेत ४,१८,१६९. गिरी साडेसोळा हजारांनी कमी पडले. भारताच्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीत असं तेव्हाच झालं. त्याआधी नाही, त्यानंतर आजवर नाही.

बाकीच्या बाराजणांतल्या पाचांना शून्य मतं होती आणि सात जणांत मिळून ८,५०५. ही सात नावं मला सगळ्यांत जास्त खेळवतात. त्यांत एक आपले पां. ना. राजभोज, दलित चळवळीतले जुने पुढारी, त्यांना ८३१. बाबूलाल मग नावाच्या उमेदवाराला ५७६, म्हणजे एका खासदाराच्या मताची नेमकी किंमत. दोघांना प्रत्येकी १२५. जनगणनेचे आकडे घेऊन बसलो तर आंध्र, ओडिशा आणि पश्चिम बंगाल या तीन राज्यांच्या आमदाराचं मूल्य १२५ येतं. एकाला ९४, ते हरियाणाचं येतं आणि आसामचंही. मतदान गुप्त, पण देशातल्या कुठल्याशा विधानसभेत एक आमदार पडद्याआड गेला आणि सगळा देश दोन बाजूंना फाटलेला असताना त्याने तिसऱ्याच, कुणीही न ओळखणाऱ्या माणसापुढे ‘१’ लिहिला, एवढं त्या ९४वरून जवळपास डोळ्यांना दिसतं. का लिहिला असेल? मैत्री, पैज, चीड?

मग तळाकडून एकेकाला बाद करत मोजणी वर चढली आणि शेवटी देशमुखांच्या पत्रिका उघडल्या. बाद झालेल्या सगळ्यांची मिळून १,२१,२७४ मतं वाटायची होती. त्यांतली ९१,८७९ रेड्डींकडे गेली. १८,५६२ गिरींकडे. १०,८३३ मतांवर पुढचा आकडाच नव्हता; ती विझली. अखेर गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

रेड्डींना शंभरातली जवळपास ७६ मिळाली, तरी हरले. आता जरा आयर्लंडकडे पाहा. तिथेही राष्ट्राध्यक्ष याच पद्धतीने निवडतात. १९९० साली ब्रायन लेनिहन ४४ टक्क्यांवर पहिले होते, मेरी रॉबिन्सन ३९ टक्क्यांवर दुसऱ्या, आणि फिने गेल या परंपरावादी वळणाच्या पक्षाचे ऑस्टिन करी १७ टक्क्यांवर तिसरे. करींच्या पत्रिका उघडल्या तर त्यांच्यातल्याही शंभरातल्या ७६-७७ दुसऱ्या क्रमांकाच्या रॉबिन्सनबाईंकडे गेल्या. आणि बाई जिंकल्या. दोन देश, एकवीस वर्षांचं अंतर, तिसऱ्याच्या मतदारांची शिस्त जवळपास तंतोतंत सारखी, निकाल उलटे. फरक एवढाच की डब्लिनला दरी पाच टक्क्यांची होती आणि ती भरायला सतरा टक्के माती हाताशी होती. दिल्लीत दरी साडेदहा टक्क्यांची, माती साडेचौदा.

म्हणजे उजव्या पक्षांच्या मतदारांनी दगा दिला नाही. तरी हिशोब करून पाहिला तर अंगावर काटा येतो: शेवटचं अंतर १४,६५० मतांचं. गिरींच्या गठ्ठ्यात पडलेले तेरा खासदार, फक्त तेरा, रेड्डींकडे असते तर रेड्डी तीनशेहून थोड्या जास्त मतांनी पुढे असते.

ते तेरा कुठे गेले? इथे मला त्या ‘२’ची दुसरी बाजू दिसते. दुसरी पसंती मतपत्रिकेवर मुकाट लिहिता येते, पण ती मागायला मात्र कुणाच्या तरी दारात जावं लागतं. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलले. ही भेट इंदिरा गांधींच्या गोटाला आयतीच सापडली. जगजीवनराम आणि फख्रुद्दीन अली अहमद यांनी अध्यक्षांना पत्र लिहून जाब विचारला: पक्षाच्या उमेदवारासाठी प्रतिगामी पक्षांशी कसली बोलणी? रेड्डींच्या बाजूने पक्षादेश काढायला पंतप्रधानांनी नकार दिला, आणि मतदानाच्या तोंडावर सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या असं आवाहन झालं. ‘अंतरात्म्याचा आवाज’ हा शब्द तेव्हापासून आपल्या राजकारणाला चिकटला तो चिकटलाच. बाद झालेल्यांच्या गठ्ठ्यांतून रेड्डींना मिळालेल्या ९१,८७९ मतांची किंमत म्हणून काँग्रेसच्या घरातली पहिल्या पसंतीची किती मतं गेली, हे कुठल्याही पत्रिकेवर लिहिलेलं नाही. माझा कयास असा की तेरा खासदारांहून जास्तच गेली. ‘दोन नंबरचं’ या शब्दाला मराठीत जो वास आहे तो इथेही होता: चोरी काहीच नाही, सगळं नियमात, तरी उघड झालं की अंगाशी येणारं.

कोर्टकचेरीही झाली. रेड्डींची बदनामी करणारं पत्रक संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये वाटलं गेल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली आणि गिरी, पदावरचे राष्ट्रपती, स्वतः साक्षीला आले. अर्ज फेटाळला गेला. नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. ज्या यशवंतरावांनी बंगळुरूला रेड्डींना हात दिला होता ते फुटीनंतर इंदिराबाईंकडे दिसले, स. का. पाटील दुसरीकडे.

तेव्हा हुकलेलं मराठी राष्ट्रपतिपद अडतीस वर्षांनी, २००७ साली प्रतिभा पाटील यांच्या रूपाने आलं. त्या वेळी हाच पेच शिवसेनेपुढे होता. मित्रपक्ष भाजपच्या पाठिंब्यावर जुने जनसंघी भैरोसिंह शेखावत उभे, आणि समोर काँग्रेसच्या, पण जळगावच्या बाई. उमेदवार दोनच असल्यामुळे दुसऱ्या आकड्याआड लपायची सोय नव्हती. बाळासाहेब ठाकरे यांनी प्रतिभाताईंना पाठिंबा दिला, विचारापेक्षा भाषा पुढे ठेवून. पाच वर्षांनी प्रणब मुखर्जींच्या वेळीही सेनेने भाजपचा हात सोडला. सेनेपुरतं बोलायचं तर १९९७ साली भाजप नारायणन यांच्यामागे असताना ती शेषन यांच्यामागे होती, म्हणजे सवय जुनीच.

 

रेड्डींचं पुढे काय झालं? १९७७ साली आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत आंध्रातल्या बेचाळीस जागांपैकी एकेचाळीस काँग्रेसने घेतल्या. उरलेली एक नंद्याळची, ती रेड्डींची. जुलैमध्ये राष्ट्रपतिपदासाठी सदतीस अर्ज आले, छाननीत छत्तीस बाद झाले. तेव्हा पंतप्रधान मोरारजी होते, परराष्ट्रमंत्री वाजपेयी, आणि लोकसभेत विरोधी बाकांचं नेतृत्व यशवंतरावांकडे होतं. देशमुख ८१ वर्षांचे होते. २१ जुलैला नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर झालं. त्या वेळी कुणालाच कुठला आकडा लिहावा लागला नाही.